कबरीतली जागा

प्रिय आबा,

सलाम. तुम्ही गेल्यापासून सोळा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम पत्र! कारण काल सकाळी मी तुमचा शब्द मोडला. तुमच्या कबरीत दादाला पुरलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐका, मग काय रागवायचं ते रागवा.

तो परवा गेला, करंजाड्याला माझ्याच घरी. लिव्हर संपलं होतं. शेवटचे आठ दिवस एकच धोशा. "मार्था, दार उघड. आबा बाहेर उभे आहेत."

"कुणी नाही रे!"

"आहेत. आत येत नाहीत. नुसते बघतात."

तेही टळटळीत दुपारी! एकदा वैतागून दार उघडलं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. पण डांबराच्या गोळ्यांचा वास आला, तुमच्या काळ्या कोटाचा. आबा, तो कोट तर अंगावर घालूनच तुम्हाला पुरलंय. मी दार लावलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. मग रागच आला तुमचा. मेल्यावरही पहारा? माणसानं किती कडक असावं!

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. दादा पिऊन टेम्पो चालवत होता. तळोज्याला पहिल्या पाळीला निघालेल्या सायकलवाल्याला त्यानं उडवलं, आणि रस्त्यात तडफडत टाकून घरी पळून आला. तो माणूस तिथेच गेला. पोलीस आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आत आहे. न्या." चर्चच्या मंडळीचे वडील, पंच म्हणून शोभलात! सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली.

पण शिक्षा भोगून आला त्यानंतर काय? चर्चमध्ये शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायचा. प्रभुभोजनाचं तबक तुमच्या हातात असायचं. त्याच्यापाशी पोचलात की तुम्ही पुढच्या माणसाकडे वळायचात. भाकर नाही, प्याला नाही. त्याचा हात तसाच पुढे राहायचा. न्याय करणारा वर बसलाय म्हणायचात ना? मग तबक तुम्ही का अडवलंत हो?

आणि जाताना मला काय बजावलंत! "माझ्या कबरीत त्याला घालू नका. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, मेलेले उठतील, तेव्हा मी त्याच्या शेजारून उठणार नाही." मी "बरं" म्हणाले. तुमच्यापुढे दुसरं काय म्हणणार?

आपल्या कबरस्तानात आता नवी जागा देत नाहीत. घरच्यांचीच जुनी कबर उघडायची, हाडं पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवायची, मग नवी पेटी उतरवायची. आईची कबर तिकडं गावी. इथे आपली म्हणून एवढीच. पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाताई, तुम्ही नको म्हणालात तर दुसरीकडे कुठं न्यायचं त्याला?" मी सही केली. वाटलं, त्या दिवशी दोघं एकाच खड्ड्यातून उठाल, आणि देवासमोर तुम्ही त्याला पुन्हा पुढं जाऊ देणार नाही. मग त्याचं काय होईल?

खणायला बाळाराम होता. गेली कित्येक वर्षं तोच खणतो. नऊ वाजता त्याचं फावडं थांबलं.

"ताई, इकडं या. मी कशाला हात लावला नाय हां."

मी वाकून बघितलं. पेटीच्या कुजलेल्या फळ्या मधोमध होत्या, ठेवल्या तशा. त्यांच्यात तुम्ही नव्हतात. तुम्ही फळ्यांच्या बाहेर होतात, डाव्या भिंतीला पाठ लावून, कुशीवर. उजवीकडे माणूसभर जागा मोकळी.

"आमी लय कबरी उघडल्या," बाळाराम हळूच म्हणाला, "पण असा कोन सरकलेला बगितला नाय."

पाळकसाहेब म्हणाले, पावसाचं पाणी मुरतं, माती सरकते. असेल बाबा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच वेळी हुंदका फुटला. अंथरुणात लेकरासाठी सरकतात तसे तुम्ही सरकला होतात! कधी सरकलात? कुणी सांगितलं तुम्हाला? आणि जिवंत असताना एवढंसं सरकायला काय झालं होतं, आबा?

मी तुम्हाला कापडात बांधू दिलं नाही. दादाला पेटीतून काढून पांढऱ्या चादरीत तुमच्या पुढ्यात निजवलं. लोक कुजबुजले. कुजबुजू देत.

एक राहिलंय. त्या सायकलवाल्याची बायको अजून तळोज्यातच असते. तुम्ही पोराला पोलिसांच्या हवाली केलंत, पण तिच्या दारात एकदाही गेला नाहीत. मीही गेले नाही. देवाच्या दयेत आपला वाटा मागताना तिची आठवण आपल्याला कुणालाच झाली नाही. रविवारी उपासना झाली की मी जाणार आहे. दादाला माफ कर म्हणायला नाही. तो हक्क माझा नाही. तिचं कसं चाललंय ते विचारायला. ती दारातून हाकलेल, तर हाकलू दे. मी पुन्हा जाईन. शब्द देते, आणि हा मोडणार नाही.

तुमची लेक,
मार्था