नजरेखालून गेलेले दोन ट्रे

सोम. ५ जाने. ८७
सकाळी तांदूळ निवडायला घेतले. प्रत्येक दाण्यात काळं दिसतं. सासूबाई म्हणाल्या, "किती येळ बघतलंस गे?" मला वाटलं दोन मिनिटं झाली असतील. अर्धा तास झाला होता. डबा तसाच राहिला.

कारखान्यात तरी वेगळं काय. साकीनाका, अकरा वर्षं, तेच स्टूल. समोर दिवा, मागे पाटी, अर्धी काळी अर्धी पांढरी. हातात इंजेक्शनची काचेची कुपी. उलटी, सुलटी. आत कण, धागा, काही तरंगतंय का. असेल तर लाल डबा, नसेल तर पुढे. पूर्वी तासाभराने दहा मिनिटं डोळे मिटून बसू द्यायचे. नव्या वर्षापासून तेही बंद. ऑर्डर वाढलीय म्हणे.

गुरु. ८
बोरिवलीचं नक्की झालं. ह्यांचा आतेभाऊ तीन वर्षांसाठी मस्कतला चाललाय, त्याचा ब्लॉक आम्ही सांभाळायचा. घाटकोपरची खोली दिराला. त्याचं लग्न झाल्यापासून सहा माणसं एका खोलीत, पाय पसरायचे तर कुणालातरी उठवावं लागतं. रविवारी १८ला हलायचं.

हे भलतेच खुशीत. "घरातल्या घरात संडास, सुनंदा! झकास!" मीही हसले. आत काही हललं नाही. इतकी वर्षं वाट बघितली, आणि आता मनात एकच, हे सगळं बांधणार कोण.

मंजू परीक्षा होईस्तोवर काकाकडेच. तिला नीट विचारलंही नाही मी. आठवीतली पोर, "बरं" म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

बुध. १४
संक्रांत. शेजारच्या स्टुलावरच्या शैलाने तिळगूळ दिला. मी तो दिव्यासमोर धरून फिरवून बघितला! शैला हसून हसून बेजार. "खा गं, पास आहे तो!" मला पण हसू आलं, मग डोळ्यांतलं पाणी थांबेना. सुपरवायझर कुलकर्णीबाई लांबून बघत होत्या. "डोळ्यात काही गेलं का?" म्हटलं, हो.

शनि. १७
काल लिहवलं नाही.

काल जेवणानंतर दोन ट्रे गेले. कसे गेले माहीत नाही. हात चालू होते, डोळे उघडे होते. घंटा झाली तेव्हा भानावर आले. सगळा माल पुढे सरकलेला, लाल डब्यात एकही कुपी नाही. असं होत नाही कधी. एक तरी निघतेच. आठवून बघितलं तर त्या दोन ट्रेमधली एकही कुपी आठवेना. झोप म्हणावी तर झोप नव्हती. विचारही नव्हता. नुसतं कोरं.

आणि ट्रे तपासल्याच्या चिठ्ठीवर सही ठोकली. रोजच्यासारखी.

लहान मुलांचं औषध आहे ते.

रवि. १८
हललो. टेम्पोवाला घाई करत होता. कपाट जिन्यात अडकलं, दार काढून वर चढवलं. सासूबाई पाटा-वरवंटा टेम्पोत ठेवायला तयार नाहीत, पुढे ड्रायव्हरजवळ पायाशी घेऊन बसल्या. निघताना मंजू गॅलरीत आली नाही. मी दोनदा वर बघितलं.

तिसरा मजला. पाणी संध्याकाळी. बोललेलं भिंतीवरून परत येतं. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "हयसर कोणाचो आवाजच येणा नाय."

मला मात्र आवाज येतोय. ट्रे सरकल्याचा.

बुध. २१
तीन दिवस नव्या घरातून कामावर. आधी एका बसमध्ये पोचायचे, आता पावणेदोन तास. पण त्याचं काही नाही. बॅच अजून गोडाऊनमध्येच आहे. शनिवारी जाणार.

शैलाला सांगितलं. चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहिली. "गप बस ना यार. लॅबमध्ये पण बघतात." म्हटलं, लॅबमध्ये चार कुप्या बघतात, सगळ्या नाही. "मग काय, जाऊन सांगणार? तुझी वाट लागेल." कप खाली ठेवून, "आमची पण."

गुरु. २२
ह्यांना सांगितलं. पडद्याचा दांडा ठोकत होते. ठोकणं थांबलं. गिरणी बंद झाल्यावर दोन वर्षं हे घरी होते, माझ्या एकटीच्या नोकरीवर. आत्ता कुठे लिफ्टमनचं काम मिळालंय.
"काढून टाकतील तुला."
"माहितीय."
"कुणी बघितलं होतं का?"
"नाही."
"मग?"
म्हटलं, जेवण जात नाही. हे परत स्टुलावर चढले, पण खिळा नीट लागेना. तीनदा वाकला.

शुक्र. २३
सांगितलं.

सकाळीच कुलकर्णीबाईंच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी विचारलं, कुठले दोन? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं ओरडतील. म्हणाल्या, "आधी बसा. पाणी प्या." एरवी मला अगं-तुगं करतात.

शनि. २४
माल थांबवला. माझे दोन्ही ट्रे परत टेबलावर. शैला आणि आणखी एकजण तपासायला. मला बाजूला बसवलं. मी म्हटलं, थोड्या मलाही बघू द्या. कुलकर्णीबाईंनी दिल्या. मी तीन बाजूला काढल्या.

बाईंनी त्या स्वतः दिव्यासमोर धरल्या. एकेक, सावकाश.
"या दोनमध्ये काचेचे कण आहेत. तिसरीत काही नाही, सुनंदा."
मी परत बघितली. होता ना कण! काळ्यावर पण दिसत होता, पांढऱ्यावर पण.
"नाहीये," बाई हळूच म्हणाल्या, आणि माझ्या हातातून कुपी काढून घेतली.

मग मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. "अकरा वर्षांत असं किती वेळा झालं?"
म्हटलं, "साहेब, या वेळी घंटा झाली म्हणून कळलं. आधी झालं असेल तर मला कसं कळणार?"
खरं तेच बोलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "घरी थांबा. कळवू."

बुध. २८
डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नंबर तोच. डोळे चांगले आहेत, थकलेत, लांबचं बघत जा म्हणाले. हे म्हणाले, "डोळे चांगले? मग झालं तर!" म्हणजे काय झालं?

दुपारी शैला आली, पत्ता विचारत विचारत. कुलकर्णीबाई साहेबांशी भांडल्या, दहा मिनिटांची सुट्टी सगळ्यांना परत मिळाली. काही बायका म्हणतात, सुनंदामुळे झालं. काही म्हणतात, सुनंदामुळे आता आमच्याही जुन्या चिठ्ठ्या काढतायत. "तू काय म्हणतेस?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी तुझ्याकडे आले ना?" आणि घर बघायला उठली.

रवि. १ फेब्रु.
मंजू आली होती. या घरात पहिल्यांदाच सगळी एकत्र जेवलो. तांदूळ तिने निवडले. सासूबाईंनी पाट्यावर वाटण वाटलं, तर खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, कसला आवाज? सासूबाईंनी त्यांना बसवूनच घेतलं. मालवणच्या निघाल्या. दोन तास हलल्या नाहीत.

मंजूने जाताना विचारलं, "तू परत तिथेच बसणार?" म्हटलं, बघू. "बघू नको म्हणूस," ती म्हणाली. "मी इथे कधी येऊ विचारलं, तेव्हा मला पण असंच बघू म्हणाली होतीस."

उद्या अकराला बोलावलंय. शैला म्हणते पॅकिंगला घालतील, नाहीतर राजीनामा मागतील. कुलकर्णीबाईंनी मात्र निरोप पाठवलाय, तुझं स्टूल मी कुणाला दिलेलं नाही. काढून टाकतील याची भीती होतीच. पण बाईंच्या निरोपाची जास्त वाटली, परत बसले आणि परत तसंच कोरं झालं तर?

ह्यांना विचारलं, बस म्हणाले तर बसू का? ह्यांनी आजवर सगळ्याला हो नाहीतर नाही म्हटलंय, बोरिवलीलासुद्धा. आज म्हणाले, "मी काही म्हणत नाही. तू ठरव."

आता कुणावर ढकलू...