ऑरिन त्या दिवशी जेवताना हसत होता

प्रिय लायल,

पाकिटावर माहेरचं आडनाव दिसलं तर तू हे पत्र न फोडताच चुलीत घालशील, या धास्तीने सासरचं आडनाव लिहिलंय. मी मार्गिट, ऑरिनची धाकटी बहीण. तुमच्या तळघरात तुम्ही पोरं फासे टाकत बसायचात आणि मी जिन्यावरून डोकावले की तू ओरडायचास, "ऑरिन, तुझा उंदीर आला बघ मागोमाग!" तोच उंदीर. आता केस पांढरे झालेत आणि गुडघे जिना चढू देत नाहीत.

आई अजून आहे. वसंतात ती पडली, तेव्हापासून तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात असते. तिथे तिचं सगळं करणारी टेगन नावाची एक पोरगी आहे. केस निळे, नाकात वाळी, पण हात मायेचा. रविवारी दुपारी काम संपलं की ती आणि तिचे दोस्त तिथल्याच जेवणघरात टेबल अडवून बसतात, म्हाताऱ्यांनाही तेवढीच गंमत. काय खेळतात, सांगू? तुमचाच खेळ: एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी कागदावर आपापला गडी रचून त्यात शिरायचं, आणि गड्याचं जगणं-मरणं फाशांवर. त्याच्या नव्या चकचकीत आवृत्त्या दुकानात ढिगाने मिळतात म्हणे, पण या पोरांना त्या नकोत. तुमच्या वेळच्या पातळ पुस्तिका कोणीतरी पुन्हा छापल्यात, त्या घेऊन बसतात. मी विचारलं, "काय गं एवढं त्या जुन्यात?" तर म्हणाली, "नव्यात मरायचं म्हटलं तरी कोणी मरू देत नाही, काकू. जुन्यात फासा पडला की पडला. म्हणून तर जपून खेळावं लागतं. त्यातच मजा आहे." गावोगाव अशी टोळकी जमायला लागलीत, असंही सांगत होती.

आईला कळलं तर काय होईल? ऑरिन गेल्यावर तिने काय काय केलं, ते तुझ्याही कानावर आलं असेल. ऑरिनचा फोटो छातीशी धरून ती चर्चमागून चर्च फिरली. सगळीकडे तीच हकीकत सांगायची: शनिवारी लायलच्या खेळात त्याचा योद्धा बर्फाच्या गुहेत मेला, पोराला खरं-खोटं कळेनासं झालं, आणि ऐन जानेवारीत कोट न घालता तो ती गुहा शोधायला रानात गेला आणि गारठून मेला. तपासाला आलेल्या शेरीफला हे बाबांनी सांगितलं, आईने मान डोलावली, पाद्रीबाबांनी वेदीपुढे उभं राहून तेच सांगितलं. मग तुमच्या बेकरीकडे कोणी फिरकेना. कोणीतरी काच फोडली. बर्फ वितळायच्या आत तुम्ही गाव सोडलंत. मी तेव्हा गोवर आला म्हणून मावशीकडे होते. परतले तर घरात भाऊ नव्हता, आणि मला जे सांगितलं गेलं तेच खरं धरून मी मोठी झाले.

पण आईने तो खेळ ओळखलाच नाही, लायल! इतकी वर्षं त्याच्यावर आग पाखडली, पण चाललेला कधी बघितलाच नव्हता. एका रविवारी ते टेबल दिसताच मी तिची चाकाची खुर्ची वळवायला लागले तर म्हणाली, "राहू दे गं, पोरं हसतायत, बरं वाटतं." तेवढ्यात एका मुलाचा गडी खड्ड्यात कोसळला. "मेला रे मेला!" म्हणून सगळे टेबल बडवायला लागले. त्या मुलाने कपाळावर हात मारला, कोरा कागद ओढला आणि पुन्हा फासे टाकायला लागला. आईने विचारलं, "मेला ना तो? मग हा आता काय करतोय?" टेगन म्हणाली, "नवा गडी करतोय, आजी. रडत बसला तर त्याच्यावाचूनच पुढे जाऊ आम्ही." "एवढंच?" "एवढंच." मग टेगनने तिला खेळाचं नाव सांगितलं. आईने कॉफीचा कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

खोलीत नेल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ऑरिन त्या दिवशी जेवताना हसत होता."

मग ती सांगत गेली. योद्धा मेल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. तू त्या योद्ध्याच्या मरणाचं कण्हणं कसं काढलंस, ते तो तोंडात बटाटा भरलेला असतानाच करून दाखवत होता. पुढचा गडी चोर करायचा, हेही ठरवून आला होता. बाबा दारू पिऊन आले होते. बटाटे कच्चे राहिले म्हणून त्यांनी ताटली आईच्या अंगावर फेकली. एरवी ऑरिन मान खाली घालून जेवायचा. त्या दिवशी उठला आणि मधे उभा राहिला. बाबांनी त्याला गचांडी धरून मागच्या दाराबाहेर ढकललं, तसाच, शर्टावर, पायात नुसते मोजे. कडी घातली आणि दाराला खुर्ची लावून बसले. तो दार ठोठावत होता. "आई, उघड ना गं." आई एकदा उठली. बाबांनी फक्त बघितलं. ती खाली बसली. काही वेळाने ठोठावणं थांबलं. "मला वाटलं, लायलकडे गेला असेल," म्हणाली.

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहिले. रोज जाते, तिला भरवते, परत येते. शेरीफच्या माणसाला बोलावून तिच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं. तो म्हणाला, "बाई, तुमचे वडील कबरीत आहेत. आता कोणाला धरू?" त्याचंही खरं होतं.

हे आता, इतक्या वर्षांनी तुला का लिहावं? तर परवा टेगन रडत माझ्याकडे आली. या गावात हा खेळ पहिल्यांदा तू आणलास, एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बाकी तिला काही ठाऊक नव्हतं. बिचारीने हौसेने तुझा नंबर शोधून काढला, एकदा येऊन आमचा खेळ चालवा म्हणायला. तू म्हणालास, "पोरी, मी फाशांना हात लावत नाही. माझ्या खेळाने एक पोरगा मेला," आणि फोन ठेवलास. म्हणजे तू अजून तेच धरून बसलायस. लायल, नीट वाच. तो सापडला ती वाट खडकांतल्या गुहांकडे जाते असं सगळं गाव म्हणत राहिलं. पण ओढा ओलांडला की तीच वाट तुमच्या अंगणात जाते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तो गुहा शोधत नव्हता. तो तुझ्याकडे यायला निघाला होता. ओढ्यापर्यंत पोचलाही होता.

ऑरिनची बहीण, म्हणून तुझीही,
मार्गिट