कपातला घोट

मंगळवार, मे महिना. टँकर आजही आला नाही.

मन थाऱ्यावर नाही. आमच्या घोट मंडळाची बैठक आज उस्मानपुऱ्यात, माझ्या नव्या फ्लॅटवर झाली. मंडळ गुप्त, नियम एकच: काहीही प्यायलं तरी शेवटचा घोट ठेवायचा आणि का ते कुणाला सांगायचं नाही. का ते आम्हाला तरी कुठं माहीत आहे. वाद आहे तो संस्थापक कोण याचा. त्याच्या नावाची पाटी करायचीय. मंडळ गुप्त, म्हणून ती कपाटातच राहणार. तरी मी भांडलो. मोठ्या दुष्काळात माझ्या वडलांनीच सुरू केलं म्हणत टेबलावर हात आपटला. छावणी मोहल्ल्यातले रफिकचाचा त्यांच्या अब्बांचं नाव सांगत होते, हळू आवाजात. "तुमचे अब्बा नुसते आमच्या वडलांच्या मागं फिरायचे," असं बोललो मी. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला. कशासाठी?

चाचा म्हणाले, "लिहा बेटा, तुमच्या वडलांचंच लिहा. अब्बा कू क्या फरक पडता."

तेव्हा माझी नजर कपाकडं गेली. तळ कोरडा. भांडणाच्या भरात सगळा चहा पिऊन बसलो होतो. मी, संस्थापकाचा मुलगा. चाचांनीही कप पाहिला. बाकीचे चपला घालायला दाराकडं वळले, तसा त्यांनी आपल्या कपातला घोट माझ्या कपात ओतला आणि तेही चपला घालायला गेले.

दोन्ही कप ओट्यावर आहेत. कोरडा आता त्यांचा आहे. बायको विसळायला निघाली होती, मी नको म्हणालो. पाणी नाही, असं कारण सांगितलं.