कालुंगाचा आकडा

प्रिय उंदीरखाऊ लॅक्सन,

तुला असं म्हणायचा हक्क मला अजून उरला आहे का, या विचारात अर्धा तास पेन धरून बसले होते. तू न्गोनी जमातीचा, मी बेंबा. तुम्ही आम्हाला माकडखाऊ म्हणायचं, आम्ही तुम्हाला उंदीरखाऊ, आणि कुणी राग धरायचा नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सात वर्षांनी तुला लिहायला मला दुसरी सुरुवात सुचली नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता रक्तपेढीचा मुख्य सर्व्हर बसला. पुढचं तुला सांगायला नको, पण चौकशीला आलेल्यांना मी असं समजावलं: चौदा रुग्णालयांची मशिनं आम्हाला नावानं हाक मारतात. त्या नावाचा पत्ता, म्हणजे एक आकडा, आमच्या यादीत असतो. राखीव सर्व्हर उभा केला की तो आकडा हातानं बदलायचा. पाच मिनिटांचं काम. फक्त मशिनमध्ये नावाऐवजी थेट आकडा लिहिलेला नको, नाहीतर ते जुन्याच सर्व्हरला हाक मारत राहतं. पण तुझ्या चौकशीनंतर नियम आला आहे की प्रांत कार्यालयाची सही आल्याशिवाय पत्त्याला हात लावायचा नाही. प्रांत कार्यालयातले कपेम्ब्वा साहेब फोनवर म्हणाले, "बाई, कागद येऊ दे. तोवर हात खिशात ठेव." मी म्हटलं, "साहेब, माझ्या चितेंगेला खिसा नाही." कमरेचं कापड आवळलं आणि आत गेले.

आधी मेलेल्या सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली आणि पर्समध्ये टाकली. वीज आली की ते मशीन आपोआप उठतं आणि रक्तसाठ्याची शिळी यादी वाचून दाखवतं, हे मी कशी विसरेन? मग आकडा बदलला. मग चौदाही ठिकाणी फोन करून मशिनमध्ये नाव लिहिलंय की आकडा ते वाचून घेतलं. कालुंगाच्या सिस्टर न्जोव्हू वैतागल्या. "अहो मुसोंडा, सात वर्षं तुम्ही दर महिन्याला हेच विचारता! इथे नावच आहे. माझं नाव विसराल, ते नाही विसरणार." बावीस मिनिटांत सगळं सुरू झालं. त्याच दुपारी दोघीजणींना रक्त वेळेवर पोचलं. सही केलेला कागद सोमवारी आला.

आता चौकशीवाल्यांना माझी सही हवी आहे. 'घाईत माझ्याकडून चूक झाली' एवढं लिहून दिलं तर समज देऊन सोडतील. नाही दिलं तर नोकरी जाईल. मी देणार नाही. ती घाई नव्हती, तो विचार होता, आणि उद्या सर्व्हर बसला तर उद्याही मी हेच करीन. हे म्हणताना ताठ वाटतं. मग घरी येऊन रोजची वही उघडते, आणि स्वतःलाच विचारते: एवढा ताठा सात वर्षांपूर्वी कुठे होता?

त्या दिवशी राखीव सर्व्हर तू उभा केलास, आकडा तू बदललास. मला फोनवर विचारलंस, "कालुंगाला नाव घातलंयस ना? आकडा नाही ना?" मी म्हटलं, "नावच रे, उंदीरखाऊ." आठवून म्हटलं की सवयीनं, ते आजही सांगता येत नाही. वीज आली, जुना सर्व्हर उठला, आणि कालुंगाचं मशीन त्याच्याशीच बोलत राहिलं. त्यानं पेढीत रक्ताच्या चार पिशव्या शिल्लक दाखवल्या. त्या सकाळीच संपल्या होत्या. त्या आणायला धाडलेली गाडी रिकामी परतली, चाळीस मिनिटं गेली. बाळंतपणाला आलेली ती बाई वाचली, बाळ नाही. सगळे म्हणाले, लॅक्सननं जुना सर्व्हर तोडायला हवा होता. तूही म्हणालास, "हो, तोडायला हवा होता." तुला दूर चामा जिल्ह्यात फ्रीज दुरुस्त करायला धाडलं. बसमध्ये चढताना तू ओरडलास, "माकडांनो, फांद्या सांभाळा!" सगळे हसले. मीही हसले.

तुझी बस जायच्या आदल्या दिवशी मी कालुंगाला जाऊन आले होते, लॅक्सन. मशिनमध्ये आकडा होता. मशीन बसवताना नाव लागायला वेळ लागत होता, म्हणून मीच टाकलेला. मी तो पुसला, नाव लिहिलं, आणि गप्प बसले.

उद्या अकराला माझी सुनावणी आहे. माझ्या जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. गुरुवारच्या कामावर एक ओळ आहे: मी केलं, पुन्हा करीन. उरलेली तीन पानं कालुंगाच्या आकड्यावर आहेत, आणि जुन्या चौकशीत तुझं नाव जिथे जिथे दोषी म्हणून आलं, तिथे माझं घातलं आहे. पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. मला माहीत आहे, तू ते वाचशील आणि हसून म्हणशील, "सोड गं, माकडखाऊ, आपल्यात राग असतो का?" त्या रिवाजाच्या आड मी सात वर्षं लपले. म्हणून तू हसायच्या आत मागते: एवढ्या एका गोष्टीपुरता रिवाज मोड. माझ्यावर राग धर.

तो धरलास तरी आणि धरला नाहीस तरी,
तुझीच,
मुसोंडा