आतला चौकोन लहान नसतो

नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
८ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षूस,

आशीर्वाद आहेतच, आज जरा सढळ हाताने पाठवते आहे. इकडे सगळं ठीक. शेजारच्या लीलाताईंच्या गच्चीवर कोजागरी झाली. मसाला दुधात साखर इतकी की दूध शोधावं लागलं. दुपारी अजून पंखा लागतो.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मधेच "आत्या, ऐक ना" म्हणतेस आणि मी ऐकत बसते. आज तू ऐकायचंस.

तुझा निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला. संशोधन सोडून दिवाळीला सामानासकट बंगळूरहून येतेस, इथल्या एखाद्या शाळेत गणित शिकवशील, माझ्याजवळ राहशील. कारण काय, तर तुझ्याबरोबरच्यांना चौथी मिती डोळ्यांपुढे दिसते आणि तुला नुसती समीकरणं सोडवता येतात. "मला दिसतच नाही, आत्या. मी सगळ्यांना फसवते आहे." हे म्हणताना तुझा आवाज असा झाला होता की आधी तुझा कान धरावासा वाटला आणि लगेच तुला पोटाशी घ्यावंसं वाटलं.

मी काही गणितातली नाही. पण जन्मभर मुलींना चित्रकला शिकवली, तेव्हा दिसणं म्हणजे काय यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

मागे तू मला कागदावर काढून दाखवलं होतंस, आठवतं? मोठा घन, त्याच्या पोटात छोटा घन, कोपऱ्याला कोपरा जोडलेला. ही म्हणे चार मितींच्या घनाची सावली. मी "वा, छान" म्हटलं. खरं सांगू? मला ती डब्यात ठेवलेली डबी वाटली होती.

परवा आकाशकंदिलाचा सांगाडा बांधायला घेतला. यंदा नेहमीचा कोनाकोनांचा नाही, साधा चौरस ठोकळा. कामट्या जुळवून दोरा बांधायला जावं तर गाठ हवेतच बसे आणि कामटी भलतीकडेच राही. असं का, ते आता सांगूनच टाकते. घाबरू नकोस.

श्रावणात माझ्या डाव्या डोळ्यातली नस बंद झाली. इथल्या कंपू भागातल्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण त्या डोळ्याने आता दिसणार नाही. उजवा उत्तम आहे, हे पत्र त्याच्याच जिवावर चाललं आहे. तुला कळवलं नाही, कारण तू मिळेल त्या गाडीने धावत आली असतीस. तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही, दादाच्या पोटात काही राहत नाही.

एका डोळ्याने जग सपाट होतं गं. सुरुवातीला कपात चहा ओतावा तर तो बशीच्याही पलीकडे. लीलाताई ओरडल्या, "अगं इंदु, ध्यान कुठे आहे तुझं? सगळी चाय टेबलावर, कप तर खालीच आहे, रिकामा!" पायरी कुठे संपते ते कळेना. एकदा जिन्यात बसून रडलेसुद्धा. मग कुणी न शिकवता एक युक्ती जमली. मान जरा इकडे, जरा तिकडे करायची. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. हळूहळू अंतर परत आलं. चहा आता कपातच पडतो. डोळ्यात अजूनही सपाटच चित्र येतं, अंतर माझं मी लावून घेते.

तर तो सांगाडा. कसाबसा बांधून झाला, तेव्हा डोळ्यासमोर धरून मान न हलवता पाहिला. आणि मला मोठ्या चौकोनात छोटा चौकोन दिसला, कोपऱ्याला कोपरा जोडलेला! कामट्या मीच कापलेल्या, सगळ्या सारख्या. मागचा चौकोन लहान नव्हताच, नुसता लांब होता. हर्षू, अंगावर काटा आला. म्हणजे तुझ्या चित्रातली ती डबीही लहान नाही. ती मोठ्या घनाएवढीच आहे, फक्त लांब आहे. वर नाही, खाली नाही, मागे नाही, बोट दाखवता येत नाही अशा कुठल्यातरी बाजूला लांब. मी सांगाडा हळूच फिरवला, तशी मागची बाजू पुढे येऊन मोठी झाली आणि पुढची तिच्या पोटात गेली. तुझा घनही असाच उलटतो का गं, एकही काडी न मोडता? मी कितीतरी वेळ फिरवत बसले. गॅसवरचं वरण करपलं.

चौथी मिती दिसली म्हटलं तर थाप होईल. पण क्षणभर काहीतरी उमगलं, आणि मला तर एक समीकरण येत नाही. तुझी समीकरणं म्हणजे तुझं मान हलवणंच आहे, बाळा. त्या मुलांच्या डोळ्यांतही तुझ्या-माझ्यासारखं सपाट चित्रच येत असणार. तू कुणाला फसवत नाहीस. तुझे अजून चहा सांडायचे दिवस आहेत, इतकंच.

आता राहिलेलं. तुझा निरोप आला तेव्हा मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. तुझी गादी उन्हात टाकली, कपाट रिकामं केलं. मला तू इथे हवी आहेस. घरात दुसरं माणूस हवंच झालं आहे, आणि माणूस म्हटलं की मला तूच आठवतेस. यातलं काहीही न लिहिता नुसतं "ये" लिहिलं असतं तरी तू आली असतीस. तसं एक पत्र लिहिलंही होतं, ते फाडलं.

गणिताचा कंटाळा आला असेल तर खुशाल सोड. पण दिसत नाही म्हणून सोडू नकोस, आणि माझ्या डोळ्यासाठी तर मुळीच नाही. दिवाळीला ये. परतीचं तिकीट काढूनच ये.

दूधवाल्याला वसुबारसेपासून अर्धा लिटर जास्तीचं सांगून ठेवलं होतं, कायमचं. आज सकाळी त्याला म्हटलं, "भैया, सिर्फ दिवाली तक."

तुझी,
इंदुआत्या