अंगठा न ओलावता मोजलेले कागद

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन्ही गुडघे सध्या संपावर आहेत, तेवढे वजा कर.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण भाची मला रोज फोनवर सगळं सांगते: किती घास खाल्लेस, किती पावलं चाललीस, किती वेळा तिच्यावर ओरडलीस. ओरडणं वाढतंय असं कळल्यापासून मी बराच निर्धास्त आहे.

आजारपणानंतर तुझ्या अंगात जंतूंशी लढायची ताकद उरली नाही, तेव्हा बाहेरची कुठलीही वस्तू घरात नको, पत्रसुद्धा नको, फोन करत जा, असा डॉक्टरांच्या हवाल्याने तुझा निरोप आला. आता फोनवर मी काय बोलतो, हे तुला ठाऊक आहे. हो, बरं, ठेवतो. माझं सगळं शहाणपण कागदावरच सुचतं, आणि तेही चाळीस वर्षं दर रविवारी तुझ्याच नावाने. (वसतिगृहातून धाडलेलं माझं पहिलं पत्र तू लाल पेन्सिलीने सतरा चुका काढून परत पाठवलं होतंस. शाळामास्तरीण बहीण कोणाच्या वाट्याला येऊ नये.) दोन रविवार मी पेन धरून नुसता बसून राहिलो. तिसऱ्या रविवारची वाट न बघता बशीबाईंकडे गेलो.

बशीबाई म्हणजे आमच्या कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर. (माणसांच्या नव्हेत. काचेच्या छोट्या बशांमध्ये जंतू वाढवतात आणि ते मेले की खुशीत चहा मागवतात.) सध्या त्या कागदात जस्ताच्या ऑक्साइडचे कण घालून बघताहेत. कण इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. असा कागदाचा तुकडा जंतूंच्या बशीत ठेवला, की त्याच्या आसपास जंतू वाढत नाहीत, भोवती स्वच्छ कडं उमटतं. मी म्हटलं, मला या कागदाची पत्रं लिहायची आहेत. त्या म्हणाल्या, हा वेष्टनासाठी आहे, पत्रासाठी नाही. मग मी तुझं सांगितलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, लगदा मात्र तुमचा तुम्ही ढवळायचा.

पहिल्या खेपेला कण कागदात टिकलेच नाहीत. पांढरी भुकटी बाह्यांवर, मिशांवर, जेवणाच्या डब्यावर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, घरी रंगकाम काढलंत का. दुसऱ्या खेपेला मी कण धरून ठेवायला स्टार्च जरा सढळ हाताने घातला, तर कागद घडी घालताना कटकन मोडला. तिसऱ्या खेपेचा कागद मात्र असा उतरला, की मी त्याला दोनदा गालाला लावून बघितलं.

मग बशीतली परीक्षा. तीन तुकडे ठेवले. दोहोंभोवती छान कडी उमटली. तिसऱ्यावर, भर मधोमध, जंतूंची दाट वस्ती, आणि तिचा आकार थेट माझ्या अंगठ्याचा. पस्तीस वर्षं कारखान्यात कागद मोजले ते जिभेला अंगठा लावून, ताई. इथेही सवयीने तेच केलं. बिचारे कण एका जंतूला आवरेपर्यंत मी दहा पाठवले. बशीबाईंनी माझा अंगठा हातात घेतला आणि त्याला चिकटपट्टी गुंडाळली. आठवडाभर मी पट्टी लावून मोजतोय, आणि दर गठ्ठ्यात दोन कागद चुकतोय. कारखाना अजून उभा आहे.

त्यांनी मला दोन गोष्टी बजावून सांगायला लावल्या आहेत. हा कागद पुष्कळ जंतू मारतो, सगळे नाही, तेव्हा वाचून झाल्यावर हात धू. आणि हे कण उजेडात जास्त जोमाने काम करतात, म्हणून खिडकीत बसून वाच. (हे दुसरं मला फार आवडलं. तू खिडकीत बसलेली मला आत्ता दिसते आहेस.)

डोक्यावर हात असू दे. चुका काढायचा असला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट मात्र साधं आहे, आणि बंद करताना मी ते जिभेनेच ओलं केलं. तेव्हा ते भाचीला दाराबाहेरच फोडायला सांग.

ता. क. दुसरा. भाचीवर रागावू नकोस. पहिली खेप फसली त्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, "मामा, डॉक्टरांनी पत्रं बंद केलीच नाहीत. आईचा हात थरथरतो. तुमचं पत्र आलं की उत्तर लिहावं लागतं." तरी मी कागद करत राहिलो. तुझं दुखणं मला कळत नाही, औषधं कळत नाहीत. कागद तेवढा कळतो.

ता. क. शेवटचा. सोबत त्यातलाच एक कोरा कागद आहे. एक ओळ लिही. भाचीकडून लिहून घेऊ नकोस. ओळ वाकडी आली, की ती तुझी आहे हे मला कळेल.