‘बाहेरून कडी’बद्दल तुला न सांगितलेलं

सिद्ध्या, लेका,

तू गेल्यापासून मी गिटारला हात लावला नाही अन् पेनालाही नाही. आज लिहितोय, कारण काल विद्यापीठाला नाव मिळालं. उस्मानपुऱ्यात तुमच्या गल्लीत पेढे वाटत होते. तुझ्या मायनं मला हाताला धरून घरात नेलं अन् म्हणाली, "दत्ता, त्या कॅसेटीतलं दार वाजवणं तेवढं काढून दे बाबा. मला नुसतं त्याचं गाणं ऐकायचंय."

खरं काय ते कसं सांगू तिला? पहिली पाळी करून आलोय अन् तेव्हापासून खाटेवर नुसता बसून आहे. जीव कोंडलाय माझा.

आपली पहिली कॅसेट! तू गाणार, मी गिटार, युसूफ ड्रमवर. त्यातला अर्धा ड्रम म्हणजे कंपनीतून आणलेले रंगाचे रिकामे डबे. बँडचं नाव ‘तिसरी पाळी’ अन् कॅसेटचं ‘बाहेरून कडी’. गुलमंडीवरच्या दुकानदाराला कळेचना की ह्यांना ठेवायचं कुठं. भजन हाय का कव्वाली, असं त्यानं विचारलं अन् शेवटी लग्नाच्या गाण्यांत ठेवून दिली. तू किती हसला होतास रे!

पण कॉलेजची पोरं शोधत यायची ती एकाच गाण्यासाठी. सुरुवातीला दारावर धडका, मग तुझा आवाज. काय डोकं लावलंय, म्हणायची. डोकं! आता तुला खरं सांगतो.

रेकॉर्डिंगचं मशीन आपल्याला लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं दोनच दिवसांसाठी दिलं होतं. ते तुमच्याच घरात मांडलं, पहिल्या दिवशी पाच गाणी झाली अन् रात्री मी अन् युसूफ तिथंच झोपलो. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता. तू म्हणालास, मी आधी मोर्चाला जाणार, गाणं राहिलं तर राहू दे. मला लई राग आला. वर्षभर पाळ्या बदलून घेतल्या, फोरमनचं ऐकून घेतलं, ते ह्यासाठी? आमच्या करमाडच्या घरात नामांतराचा विषय निघाला की बाप ताट सरकवून उठायचा. मी बापासारखा नाही, असं मी तुला दहादा सांगायचो. पण तो मोर्चा तुझ्यासाठी काय होता, हे मी तुला एकदाही विचारलं नाही.

सकाळी तू झोपला होतास. माय नळावर पाणी भरत होती. मी तिला जाऊन सांगितलं, "माय, आज लाठ्या चालणार हायेत, गोळीबार पण व्हईल म्हणतात. सिद्ध्याला सोडू नको."

मला कुणीच काही म्हणालं नव्हतं, सिद्ध्या. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावाकडचं तुमचं घर जाळलं, तेव्हा माय तुझं बखोट धरून रानारानानं पळाली होती. ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो.

तिनं आपल्या तिघांना आत ठेवून बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं अन् गेली. कुठं गेली? मोर्चाला! घरातलं एक माणूस तरी पाहिजे म्हणून. आहे का नाही जबरी बाई?

खिडकीतून घोषणा यायला लागल्या अन् तू दारावर धडका द्यायला लागलास. माय, उघड, माय, उघड. हात सुजले तुझे. मशीन चालूच होतं. युसूफ म्हणाला, "उनो सच्चीमें रोरा रे, बंद कर मशीन." तू खरंच रडत होतास, तरी मी बंद केलं नाही. उलट माईक तुझ्याकडं सरकवला. घोषणा लांब गेल्या तसा तू दाराला पाठ लावून खाली बसलास, मुठीनं दार ठोकत गायला लागलास. एका दमात गाणं झालं. मला आनंद झाला होता, लेका. खोटं कशाला बोलू?

दिवेलागणीला माय आली, घसा बसलेला. मोर्चा शांततेत पार पडला होता. तू विचारलंस, कुलूप कुणी लावलं. ती म्हणाली, "मी लावलं." माझं नाव घेतलं नाही. तुमची जोडी मोडू नये म्हणून, असं तिनं मला मागाहून सांगितलं. मी काळजीपोटी बोललो, असंच ती अजून समजते.

त्यानंतर तू वाळूजला खोली केलीस अन् मायशी बोलणं टाकलंस. गल्लीतली पोरं टोमणे मारायची, त्या दिवशी कुठं होता रे सिद्धार्था? तू गप्प बसायचास अन् मीही. पुढं काविळीनं दवाखान्यात पडलास अन् त्यातनं उठलाच नाहीस, तेव्हा माय उशाशी बसली की तू भिंतीकडं तोंड फिरवायचास. मी पायथ्याशी उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर? आणि तू तरी एवढा हट्टी कसा रे? जाता जाता तिच्याकडं एकदा बघायचं तरी!

काल मी तिला सांगितलं, धडका निघणार नाहीत, दोन्ही आवाज एकाच माईकात आहेत. तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मग म्हणाली, "मग राहू दे. तवा उघडलं नाय मी. आता ऐकते तरी."

पेढा तसाच मुठीत घेऊन मी बाहेर पडलो.

उद्या मला सुट्टी आहे. सकाळी उठून आधी मायकडं जातो. ते लाठ्यांचं मी मनानं रचलं होतं, गाण्यासाठी रचलं होतं, हे तिच्यासमोर बसून सांगतो. तिनं हाकललं तरी तिथून हलणार नाही, गल्लीतल्या त्या पोरांनाही सांगेन. शब्द देतो तुला.

तेवढं एक कर. जो राग घेऊन गेलास, तो मायवर ठेवू नको. तो माझा आहे, सिद्ध्या, मला दे.

तुझा,
दत्ता